पायऱ्यांवरची पोरं

“इथली पोरं फारच हसतात. इथं कसला होणार अभ्यास? चल घरी!” कॉलेजच्या पायऱ्यांवरूनच तिला परत नेताना रंगकाम करणाऱ्या तिच्या बाबांनी तीस वर्षांपूर्वी म्हटलेले ते शब्द तिच्या कानांत अजून होते. मग तिने दुसऱ्या, कडक शिस्तीच्या कॉलेजात मान खाली घालून चार वर्षं काढली. पदवी पदरात पडली, हसू मात्र उंबऱ्याबाहेरच राहिलं.

आज ती लेकीसाठी बाबांनी तेव्हा नाकारलेल्या त्याच कॉलेजात आली होती. पायऱ्यांवर पोरं तशीच खिदळत होती, आणि लेक बघता बघता त्यांच्यात मिसळली. सोबत आलेले बाबा फाटकाशीच थांबले.

“बाबा, आता तरी सांगा. काय वाईट होतं इथं?”

बाबांनी आपल्या पायांकडे पाहिलं. “काही नाही गं, पोरी. त्या दिवशी मी कामावरून तसाच आलो होतो, रंगाने माखलेल्या चपला घालून. मला वाटलं, ती पोरं मलाच हसतायत.”