पंजाबी व्याह्यांचं जेवण

पुण्यात कंप्युटर शिकताना भैरवीनं लुधियानाचा मुलगा पसंत केला आणि त्याचे आईवडील बोलणी करायला कोल्हापूरला आले. शिवाजी पेठेतल्या तिच्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, घरात आजवर अंडंसुद्धा शिजलं नव्हतं. पण पंजाबी माणूस मटणाशिवाय तृप्त व्हायचा नाही, या धास्तीनं त्यांनी शेजारच्या चव्हाणांकडून तांबडा रस्सा करवून आणला आणि लेकीसाठी नाक मुठीत धरून स्वतः वाढला. पाहुणे मात्र ताटाकडं नुसतेच बघत बसले.

"शरमाना नहीं पावणं, हाणा की!" दादा म्हणाले.

होणाऱ्या व्याह्यांनी हळूच हात जोडले. "भाईसाब, हम तो प्याज भी नहीं खाते. पर सबने डराया था, कोल्हापुर में मटन को ना बोला, तो रिश्ता टूटा समझो!"