गार होताना

तपासनिसाने पोलादाच्या लांब चौकोनी बिलेटच्या कोपऱ्यावर लाल द्रव फवारला आणि चीर असेल तर तिच्यात मुरायला ठेवला. शेडमधली माणसं जमली होती, पण चार हात लांबच उभी होती. वैष्णवी मात्र त्याच्या खांद्यापाशी वाकून बघत होती.

शिवऱ्याजवळच्या या कारखान्यात वितळलेलं पोलाद साच्यातून खाली उतरतं, तेव्हा त्याने नुसती साल धरलेली असते. आतला गर पातळच. त्या सालीवर पाणी मारून ते गार करायचं. कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी पाणी पडतं. तो आधी गार होतो आणि पुढे वळणावरून येऊन रोलरमध्ये सरळ होताना चिरतो. वर्षभर असाच माल परत येत होता. पाण्यात हवा जोराने सोडून त्याचं धुकं केलं, तर थेंब बारीक होतील आणि गारवा सारखा बसेल, हे वैष्णवीने शेठना पटवलं होतं. पुण्याच्या कॉलेजात ती याचीच गणितं मांडत होती. शेठनी हवेची लाइन टाकली, नवी नोझल बसवली. एवढं करूनही चीर राहिली तर भट्टी कायमची बंद, हेही तेव्हाच सांगून ठेवलं.

तिचे वडील आनंदराव याच मशिनवर होते. भोंगवलीची निम्मी पोरं त्यांनीच इथं चिकटवलेली. वैष्णवी आली त्या दिवशी ते सगळ्यांना म्हणाले होते, "आता काय काळजी न्हाई. आमची वैशू बघतीया."

आज सकाळी धुकं तिच्या मनासारखं पडलं होतं. बिलेटं बाहेर आली ती एका रंगाची, सगळीकडून सारखी गार झालेली.  आनंदरावांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली.

तपासनिसाने लाल रंग फडक्याने पुसला, वर पांढरी पावडर मारली. पांढऱ्यावर काही दिसेना. बंडू ऑपरेटरने सुस्कारा सोडला.

मग कोपऱ्यापाशी केसासारखी एक लाल रेघ उमटली. तिच्या शेजारी दुसरी.

"दुसरं बिलेट घ्या," वैष्णवी म्हणाली.

त्याने घेतलं. त्यातही रेघा आल्या. तिने न सांगताच त्याने आणखी एक घेतलं. माणूस सबुरीचा होता.

"आधीपेक्षा कमी आहेत मॅडम," तो म्हणाला. "पण आहेत."

"वर साच्यातच होत असेल. मला साचा बघू द्या."

"असेलही. पण मी चीर बघतो. ती कुठं झाली ते नाही."

तिने शेठकडे पाहिलं. ते चिडले असते तर तिला भांडता तरी आलं असतं.

"तू काय कमी केलं नाहीस, पोरी," शेठ म्हणाले. "माझ्यातच आता दम राहिला नाही." त्यांनी बंडूला हाताने खूण केली.

दुपारच्या कामासाठी भट्टी तापत होती, कॉम्प्रेसर चालू होता. बंडूने आधी भट्टी बंद केली. कॉम्प्रेसरपाशी तो जरा घुटमळला, मग तोही बंद केला. नळ्यांतली हवा सूं करत ओसरली आणि शेडमध्ये कसलाच आवाज उरला नाही. कुणी जागचं हललं नाही.

आनंदराव मशिनच्या पलीकडे आपल्या जागेवर उभे होते. या शेडमध्ये हळू बोलायची सवय त्यांना नव्हती. बोलायचं ते मशिनच्या आवाजावर आवाज चढवून.

"वैशे, जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

छपराच्या पत्र्याला आपटून ते शब्द पुन्हा खाली आले. सगळ्यांनी वळून पाहिलं. दुसरंच कुणी ओरडलं असावं तसे आनंदरावही इकडंतिकडं बघू लागले.

"न्हाई, आबा," वैष्णवी पुटपुटली, आणि तेही सगळ्यांना ऐकू गेलं.