हरवलेली पुरवणी

“साक्षीदाराशिवाय हा अर्ज घेता येत नाही,” असं म्हणत खिडकीतल्या बाईंनी कागद काचेखालून परत ढकलला.

सव्वाचार वाजले होते. हरकतींची खिडकी पाचला बंद होणार होती, ती थेट पुढच्या वर्षी उघडायला.

टिकलीने तो पुन्हा पुढे सरकवला. “कसला साक्षीदार, मॅडम?”

“तू म्हणतेस पुरवणी जोडली होती. तुझ्या पेपरला ती नाही. जोडताना कोणी पाहिलं? त्याच वर्गात परीक्षेला बसलेलं कोणीतरी हवं.”

“मी पाहिलं,” मागून जिराफ म्हणाली.

जिराफ म्हणजे टिकलीची बालवाडीपासूनची मैत्रीण. तिचं नाव उंचीवरून पडलं, टिकलीचं बुटकेपणावरून. परीक्षेत दोघींचे नंबर लागून आले होते. सकाळी यादी लागली तेव्हा फळ्याभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. शेवटी जिराफनेच सगळ्यांच्या डोक्यांवरून ती वाचली आणि वळून म्हणाली, “मी आहे. तू नाहीस.” तुला किती गुण पडले, असं टिकलीने विचारलं, तर म्हणाली, “पुरेसे.”

राज्याचं विद्यापीठ. दीड लाख अर्ज आणि साठ जागा. यादी एकशे एक्क्याऐंशी गुणांवर थांबली होती आणि टिकलीला होते एकशे शहात्तर. शेवटच्या प्रश्नाला चक्क शून्य! तोच प्रश्न तिने पुरवणीवर असा झकास सोडवला होता की वर्गातून ती उड्या मारतच बाहेर आली होती. प्रवेश मिळाला तर शिक्षण, नाहीतर सोमवारपासून मामाच्या लाँड्रीत उभं राहायचं, हे घरी ठरलेलं होतं. मामाने तर इस्त्रीसुद्धा नवी आणली होती.

सकाळपासून ती तीनदा घरी निघाली, तीनदा जिराफने बखोटीला धरून परत आणली. “रडायचं ते पाचनंतर रड. तेव्हा इथे ऐकायला कोणी नसतं.”

आता मात्र टिकलीनेच तिला ओढून भिंतीपाशी नेलं.

“वेडी आहेस का? तू माझ्या पुढच्या बाकावर होतीस. तुला कसं दिसेल?”

“मग एवढी मान कशाला दिलीय मला?”

“चेष्टा नको गं!”

“अगं, दोरा मागताना केवढ्यांदा ओरडलीस तू! आख्ख्या वर्गाने वळून पाहिलं. मीही पाहिलं. तुझ्या हातात पुरवणी होती.”

“आणि ती सापडलीच नाही तर? खाली काय लिहिलंय वाच ना. साक्ष खोटी ठरली तर साक्षीदाराचा प्रवेश रद्द. माझं तर गेलंच आहे, तुझं कशाला घालवतेस?”

“सापडेल,” असं म्हणून जिराफ खिडकीशी गेलीसुद्धा.

बाईंनी तिचं सकाळीच मिळालेलं प्रवेशपत्र मागितलं. वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

“बाळ, नीट विचार केलास का?”

“हो.”

“घरी विचारलंस?”

“घरी विचारायला हे काय लग्न आहे, मॅडम?”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एकदा टिकलीकडे, एकदा जिराफकडे पाहिलं आणि अर्ज पुढे सरकवला. जिराफने सही केली. तिची सही एरवी दोन ओळी खाते. आज ती चौकटीत मावली.

शिपाईकाका चिठ्ठी घेऊन पेपर ठेवलेल्या तळघरात गेले.

साडेचार. चार पस्तीस. टिकलीने डाव्या हाताची नखं संपवून उजव्या हाताला सुरुवात केली. पुरवणी कोणी फेकून दिली असेल तर? जिराफचे बाबा दारात येऊन म्हणतील, माझ्या मुलीचं वाटोळं केलंस. आणि खरंच केलेलं असेल. लाँड्री परवडली, पण हे नको.

“मी अर्ज मागे घेते,” ती उठली.

“बस खाली,” जिराफ म्हणाली. इतक्या कडक आवाजात ती कधीच बोलत नसे.

चार बावन्नला शिपाईकाका आले. केसांत कोळ्याची जाळी, हातात पिवळा गठ्ठा. “दुसऱ्याच वर्गाच्या गठ्ठ्यात तळाशी होती हो! दोरा सुटलेला.”

बाईंनी कागद उलगडला. टिकलीचंच तिरकं अक्षर. समासात लाल शाईने नऊ गुण. तपासलेले, पण बेरजेत न धरलेले.

“एकशे पंच्याऐंशी,” बाई म्हणाल्या.

टिकली किंचाळली. लांबच्या खोलीतून कोणीतरी “काय झालं?” म्हणून धावत आलं. तिने जिराफच्या गळ्यात उडी मारली, म्हणजे खरं तर कमरेला मिठी मारली. “वाचलीस गं बाई! दोघी वाचलो!”

“सांगत होते ना,” जिराफ म्हणाली आणि तिचे केस विस्कटले. “जा, नवी यादी लावतायत. बघून ये.”

“चल ना!”

“तू हो पुढे. मला इथे जरा काम आहे.”

फळ्यासमोर आता चिटपाखरू नव्हतं. खळ अजून ओली होती. एकेचाळिसाव्या ओळीवर टिकलीचा नंबर होता. तिने तो तीनदा वाचला, बोटाने चाचपून पाहिला आणि तिथल्या तिथे गिरकी घेतली. मग तिला वाटलं, बघूया तरी आपली जिराफ किती वर आहे. वसतिगृहात एकच खोली मिळाली तर काय धमाल!

तिने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आपल्या नंबराच्या आधीचा नंबर शोधत. दहा ओळी, वीस, तीस. आपल्या ओळीवरून खाली उतरली. पन्नास. एकोणसाठ.

साठाव्या ओळीवर यादी संपली.

ती उलट्या पावली पळत आली. खिडकीशी जिराफ पाठमोरी वाकली होती आणि आपलं प्रवेशपत्र काचेखालून आत सरकवत होती. “घ्या ना पटकन, मॅडम,” ती म्हणत होती, “सकाळी साठावी मी होते, हे तिला आजच्या दिवस तरी कळायला नको.”