कल्ले

कल्ले उचलून बघितल्याशिवाय चंद्रावतीमावशींनी कधी मासा घेतला नाही. उरणच्या कोळीणच त्या. करंजाड्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, तरी मासेवाल्या रंभाची हाक ऐकली की दारात यायच्या.

गेले आठ दिवस त्यांचा मुलगा केतन न बघताच बांगडे घेतो आणि बाहेरून कुलूप लावून कामावर जातो. मागच्या महिन्यात मावशींच्या मनगटावर बोटांचे निळे वळ होते. "पडले गं," म्हणाल्या. मी समोरच राहते. गप्प बसले.

आज रंभानं टोपली माझ्या दारात उतरवली. समोर कुलूपच होतं.

"विनिताताई, तुमी फोन करा. मावशीचं काय खरं नाय."

मी ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला फोन लावला. पत्ता सांगितला, वळही सांगितले.

"आजींना शेवटचं कधी बघितलंत?" पलीकडच्या बाईनं विचारलं.

मला आठवेना.

टोपलीत एका बांगड्याचा कल्ला हळूच उचलला गेला आणि मिटला. मग शेजारच्याचा. मग तिसऱ्याचा, घाईघाईनं. रंभाचे दोन्ही हात पदराखाली होते.

तिनं समोरच्या कुलपाकडे बघितलं.

"सांगा त्यांना," ती म्हणाली, "मावशी दारात आलीय."