माडीची पाचवी खिडकी

दिघीच्या हरेश्वरनं मुंबईच्या गोदीत बारा वर्षं घाम गाळला आणि १९५९ साली गावात सिमेंटचं माडीचं घर उठवलं. बाहेरून बारीक खड्यांचा गिलावा, खिडक्यांभोवती निळी पट्टी, सगळं त्यानं स्वतः उभं राहून करून घेतलं.

शेवटचा हात फिरला त्या दुपारी तो खाडीवर जाऊन घर डोळे भरून बघत होता. माडीला पाच खिडक्या दिसल्या. त्यानं तर चारच काढायला सांगितल्या होत्या. पाचवीलाही तशीच निळी पट्टी होती.

तो धावत माडीवर गेला. आतून चारच खिडक्या होत्या. पाचवीच्या जागी कोरी भिंत.

खाली भागोजी गवंडी थापी धूत होता. माडीला खिडक्या किती काढल्या, हरेश्वरनं त्याला विचारलं.

"चारच हायेत," तो मान वर न करता म्हणाला.

अंगणात हरेश्वरची बायको केसर बोंबील वाळत घालत होती. केसर त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती.

"चारच की," तीही म्हणाली. तिनंही वर बघितलं नाही.

हरेश्वरनं तिचा हात धरला आणि तिला घरासमोर आणून उभी केली. पाचव्या खिडकीत एक म्हातारा चौकटीवर कोपर टेकून निवांत बसला होता, स्वतःच्या घरात बसावं तसा.

"केसर, हा कोण?"

केसरनं हात सोडवून घेतला. पदर सावरून ती हरेश्वरशी नाही, त्या खिडकीशी बोलली.

"आत व्हा. ह्यांना अजून सांगितलं न्हाय आम्ही."