झाडाचे डाग

"यातलं सगळ्यात वाईट मशीन कोणतं?" वत्सलाबाईंनी विचारलं.

द्वारका चौकाजवळच्या शफीभाईंच्या दुकानात गाड्यांना पॉलिश करायचं सामान मिळतं. आजवर जे गिऱ्हाईक आलं ते चांगलं मशीन मागत आलं, निदान स्वस्त तरी. त्यामुळे हातात मेथीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या या बाईंना शफीभाईंनी पुन्हा विचारून खात्री केली.

"वाईट म्हणजे कसं, मावशी?"

"ज्यानं गाडीचं वाटोळं होईल असं."

शफीभाईंनी एक जाडजूड मशीन काउंटरवर ठेवलं आणि त्याला लोकरीचा पॅड लावला. हे एकाच जागी गरगर फिरतं. सवय नसलेल्या माणसानं धरलं की रंग तापतो. कडांचा तर जळूनच जातो, खालचा पत्रा दिसायला लागतो.

"छान आहे," वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून पाहिलं आणि नाइलाजानं खाली ठेवलं. "पण हे मुद्दाम केलं असं लगेच दिसेल, नाही का?"

"गाडी कोणाची म्हणायची?"

गाडी गायधनींची. गायधनी म्हणजे गंगापूर रोडवरच्या वनश्री सोसायटीचे चेअरमन. वत्सलाबाई लेकीकडे पुण्याला गेलेल्या असताना त्यांनी बाईंच्या खिडकीसमोरचं जांभळाचं झाड बुंध्यापासून काढून टाकलं, कारण त्यावरचे पक्षी खालच्या गाडीवर घाण करत. वनश्रीतलं ते शेवटचं झाड. त्याच्या बियांची पूड गायधनी स्वतःच्या शुगरसाठी दरवर्षी डबा घेऊन मागायला येत, ते वेगळं. बाई परतल्यावर मीटिंग झाली आणि एकमतानं ठराव झाला : झाडामुळे चेअरमनसाहेबांच्या गाडीवर पडलेले डाग, झाड लावणाऱ्या वत्सलाबाईंनी काढून द्यावेत.

"एकमतानं? म्हणजे तुम्ही पण हात वर केला?"

"मी पंखा बंद करा म्हणून वर केला होता. तो धरला त्यांनी."

शफीभाईंनी हसू दाबलं. "फोटो आहे का गाडीचा?"

फोटो होता. भर उन्हात उभी असलेली काळी गाडी. शफीभाईंनी बोटांनी तो मोठा केला आणि बॉनेटपासून टपापर्यंत सरकवत नेला.

"पक्ष्यांचे डाग हे एवढेच, मावशी. इथं, इथं, आणि हे थोडे. बाकी बघा ना, सगळ्या अंगावर बारीक ओरखडे आहेत. म्हणून तर काळी गाडी उन्हात राखाडी दिसते. कोरड्या कपड्यानं पुसतात का?"

"रोज सकाळी. पिवळ्या फडक्यानं. देवालासुद्धा इतकं पुसत नसतील."

"मग त्यांनीच घासली ना! झाडावर कशाला बिल फाडतात?"

वत्सलाबाईंनी फोटो जवळ घेऊन पाहिला. मग चष्मा सारखा केला.

"शफीभाई, आता चांगलं मशीन दाखवा."

शफीभाईंनी दुसरं काढलं. हे फिरता फिरता डोलतं, त्यामुळे एका जागी रंग तापत नाही. नवख्या हातालाही सांभाळून घेतं. "हे न्या. अख्खी गाडी आरसा होईल."

"मोठं आहे. याहून लहान?"

"लहान आहे. पण ते कोपऱ्यांसाठी." त्यांनी ते दाखवलं. त्याचा पॅड लिंबाच्या चकतीएवढा होता. "यानं अख्खी गाडी करायला बसलात तर दिवाळी येईल."

"अख्खी करायला कोणी सांगितलंय?"

शफीभाईंचा हात थांबला. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा फोटोकडे. मग न सांगता मागच्या फळीवरून फोमचे छोटे पॅड काढले.

"आधी हा कडक पॅड, यानं डाग जाईल. मग हा मऊ. मऊ फिरवल्याशिवाय खरी चमक येत नाही." त्यांनी दोन्ही पॅड बाईंपुढे ठेवले. "चमक आलीच पाहिजे, मावशी. तीच तर मजा आहे. आणि सावलीत करा. उन्हात पॉलिश वाळून जातं."

"सावली त्यांनी तोडली," वत्सलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मशीन मेथीच्या पिशवीत ठेवलं.

रविवारी उजाडताच, ऊन अजून इमारतीच्या पलीकडे असताना, त्यांनी स्वयंपाकघरातून वायर खाली सोडली. गायधनी गॅलरीत चहा घेऊन उभे होते.

"एकही डाग राहता कामा नये हं!"

"एकही नाही राहणार," वत्सलाबाईंनी वर न बघता सांगितलं.

त्यांनी प्रत्येक डागावर आधी कडक पॅड फिरवला, मग मऊ. डागाबाहेरची बोटभर जागाही चुकून घासली जाणार नाही, याची त्यांनी फार काळजी घेतली. मीठ टाकताना घेतात तशी.

इमारतीवरून ऊन खाली उतरलं, तेव्हा गायधनीही उतरले.

"हे काय? बाकीची गाडी?"

"ठरावात झाडाचे डाग आहेत. ते काढले," वायर गुंडाळत वत्सलाबाई म्हणाल्या. "बाकीचे तुमचे आहेत. त्यांना हात लावायला मला नवा ठराव लागेल."

गायधनी मागे सरकले. गाडी लख्ख उन्हात उभी होती. फिकट, राखाडी पडलेल्या बॉनेटवर आणि टपावर जिथंजिथं पॅड फिरला होता, तिथंतिथं काळेभोर ठिपके उमटले होते, पानांची सावली पडावी तसे.

गायधनींनी सवयीनं मान वर करून पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं.

मग त्यांनी खिशातून पिवळं फडकं काढलं आणि ती सावली पुसायला लागले.