वाटणीचा पांढरा रंग

उज्जैनला भालेरावांचे दोघे थोरले भाऊ तांब्याच्या एका बंबावरून वीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. आपल्या मुलांचं तसं होऊ नये, म्हणून निवृत्त होताच भालेरावांनी बरखेड्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमधल्या सामानाची वाटणी करून टाकली. कारखान्यात टेबलखुर्च्यांवर पांढऱ्या रंगाने नंबर घालतात, तशी त्यांनी प्रत्येक वस्तूच्या पाठीवर मुलांची नावं घातली. लोखंडी कपाट मंदारचं, शिसवी पलंग क्षमाचा.

“माझ्या पाठीवर काही लिहू नका म्हणजे झालं,” त्यांच्या पत्नी वसुधाताई म्हणाल्या.

क्वार्टर कारखान्याला परत करायच्या आधी दोन्ही मुलं येऊन राहून गेली. सामान कधी नेताय विचारलं, की “बघू ना बाबा” एवढंच म्हणायची. ती गेल्यावर भालेराव बांधाबांध करायला लागले, तर कपाटावरचं मंदारचं नाव खोडून तिथे क्षमाचं लिहिलेलं, आणि पलंगावरचं क्षमाचं खोडून मंदारचं.

“घ्या, मिटलं भांडण,” वसुधाताईंना हसू आवरेना. “कुणालाच काही नकोय.”

भालेराव रंगाचा डबा शोधत परसात गेले. डबा आंब्याखाली उघडाच पडला होता.

 

बुंध्यावर मात्र दोघांनी आपापलंच नाव घातलं होतं: मंदारचं नाव खोडून क्षमाचं, क्षमाचं खोडून पुन्हा मंदारचं, असं पार हात पोचेल तिथवर लिहिलेलं होतं. आणि झाड तेवढं कारखान्याचं होतं.